सावलीचं एक्स्पोजर

अहमदाबादला हिवाळ्यात जावं, असं जो तो सांगतो. उत्तरायणाचे पतंग असतात, उंधियो मिळतो, ऊन अंगाला बोचत नाही. मी मे महिन्यात गेले आणि ठरवून गेले. छत्री चांगली की वाईट हे पावसातच कळतं, आणि मला ज्या इमारती बघायच्या होत्या त्या सगळ्या उन्हाला तोंड देण्यासाठी बांधलेल्या. त्यांचे फोटो मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. निळंभोर आकाश, धारदार कडा आणि आसपास चिटपाखरू नाही. हे फोटो बहुतेक डिसेंबर-जानेवारीत काढलेले असतात, असा मला दाट संशय आहे. त्यांत इमारत दिसते, पण ती तशी का आहे ते दिसत नाही.

गुजरात मेलमधून उतरले तेव्हा सकाळ नुकती कुठे होत होती आणि तरी फलाटावरची हवा कोमट होती. अकरापर्यंत रस्ते ओस पडायला लागले. दुपट्ट्यानं डोळ्यांखेरीज सगळं तोंड बांधलेल्या स्कूटरवाल्या मुली सिग्नलला पांढऱ्या रेषेपाशी थांबत नव्हत्या. वीस-पंचवीस फूट मागे, जिथे कडुनिंबाची सावली संपते तिथे रांग लागत होती. हॉर्न नाही, घाई नाही. सावलीचा नकाशा सगळ्यांना पाठ.

चंडीगढ सरकारनं उभारलं. अहमदाबाद शेठ लोकांनी उभारलं. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत हुतीसिंग, साराभाई, लालभाई या गिरणीवाल्या घराण्यांनी जगातले मोठमोठे वास्तुरचनाकार या शहरात आणले. चंडीगढ आखणारे ले कॉर्बुझिए १९५१ मध्ये इथे पहिल्यांदा आले आणि त्यांच्या चार इमारती इथे झाल्या. लुई कान आले. चार्ल्स कोरिया यांना त्यांच्या उमेदीतलं मोठं काम इथेच मिळालं. आणि पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम करून, त्यांच्याच इमारतींवर देखरेख करायला म्हणून इथे आले ते कायमचे राहिले. पुढे २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. गिरण्या १९८०नंतर एकेक करत बंद पडल्या. इमारती राहिल्या.

आश्रम रोडला जाताना रिक्षावाल्याला ले कॉर्बुझिए हे नाव सांगून काही होत नाही. ‘आत्मा हाउस’ म्हटलं की तो नेमका फाटकाशी सोडतो. अहमदाबाद टेक्स्टाइल मिल्स असोसिएशनचं, म्हणजे गिरणीमालकांच्या संघटनेचं, हे कार्यालय. संघटनेचे अध्यक्ष सुरोत्तम हुतीसिंग यांनी ते कॉर्बुझिए यांच्याकडून करून घेतलं, आणि १९५४ मध्ये ते पुरं झालं. रस्त्याकडून पाहिलं तर त्याला दर्शनी भिंत अशी नाहीच. काँक्रीटच्या जाड, उभ्या, तिरप्या बसवलेल्या पाट्यांची जाळी आहे. काही खणांत झाडं लावलेली. मधोमध एक लांब उतार जमिनीवरून निघतो आणि चालता चालता तुम्हाला थेट पहिल्या मजल्याच्या पोटात नेऊन सोडतो. दार ओलांडलं असा क्षणच येत नाही. कुठल्या पावलाला आपण आत आलो हे मला नीट सांगता येणार नाही, पण मानेवरचा घाम वाळायला लागल्याचं मात्र आठवतं.

त्या पाट्या तिरप्या का, हे मे महिन्यात दुपारी चारला तिथे उभं राहिल्यावर समजतं. दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, त्याला वरचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन उतरतं, जवळजवळ आडवं होऊन खोलीत शिरतं. छज्जा कितीही पुढे काढा, ते त्याच्या खालून येणारच. त्याला अडवायचं तर उभं काहीतरी हवं, आणि तेही तिरपं, म्हणजे ऊन अडेल पण वारा आत येईल. मागच्या, पूर्वेच्या अंगाला मात्र पाट्या सरळ काटकोनात आहेत, कारण तिकडे साबरमती आहे आणि नदी दिसायला हवी होती. उत्तर-दक्षिणेच्या भिंती जवळपास बंद, साध्या विटांच्या. चारी बाजूंना काचेचा एकसारखा पडदा लावून मग वातानुकूलनाचं बिल भरत बसणाऱ्या आपल्या आजच्या कार्यालयांनी एकदा इथे सहल काढायला हरकत नाही.

मी उताराच्या तोंडाशी कॅमेरा घेऊन घोटाळत होते, तेव्हा रखवालदारानं दोनदा सांगितलं, “बेन, अंदर आवो, अहीं ठंडक छे.” त्याला माझी कीव आली असावी. त्याची खुर्ची जिथे होती ती जागा मी नंतर पारखली. उन्हाचा पट्टा जसा सरके तशी ती खुर्ची पाट्यांच्या सावलीबरोबर सरकत होती आणि वारा तिथेच सर्वांत चांगला लागत होता.

फोटोची अडचण इथेच सुरू होते. बाहेरच्या उन्हातल्या काँक्रीटवर लाइट मीटर धरला आणि मग आत जिन्यापाशी धरला. फरक आठ स्टॉपच्या आसपास. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. डोळा हे सहज सांभाळतो, कारण तो चालताना हळूहळू बदलत जातो. कॅमेऱ्याला एकाच क्षणात काय ते ठरवावं लागतं. उन्हावर मोजाल तर आतला भाग काळाठिक्कर होईल, आतल्यावर मोजाल तर बाहेरचं जग पांढरंफटक जळून जाईल. फोननं यावर तोड काढली आहे. तो एका दाबात कमी-जास्त प्रकाशाचे अनेक फोटो घेतो आणि त्यांचं मिश्रण करून सगळं समान उजळ दाखवतो. आत्मा हाउसचा माझ्या फोनमधला फोटो बघा. पाट्या स्पष्ट, खणांमधला कोपरा न् कोपरा स्पष्ट, बाहेरचं झाडाचं पान न् पान स्पष्ट. आणि फोटो साफ खोटा. त्या इमारतीत गिरणीमालकांनी ज्यासाठी पैसे मोजले होते तो अंधारच फोननं पुसून टाकला.

अहमदाबाद-चंडीगढच्या जुन्या फोटोंना या फसवणुकीचा स्पर्श नव्हता. ल्युसियाँ हेर्वे नावाचा हंगेरीत जन्मलेला छायाचित्रकार १९४९ मध्ये मार्सेयला गेला, कॉर्बुझिएंच्या तिथल्या बांधकामाचे त्यानं एका दिवसात साडेसहाशे फोटो काढले आणि ते त्यांना पाठवून दिले. कॉर्बुझिएंना ते असे आवडले की पुढे त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९६५ पर्यंत, हेर्वेच त्यांचा छायाचित्रकार राहिला. १९५५ आणि १९६१ मध्ये तो भारतात आला. त्याच्या कृष्णधवल फोटोंत सावली डांबरासारखी दाट असते. तिच्यात काय आहे हे तो दाखवत नाही, दाखवायची गरजही त्याला वाटत नाही. बऱ्याचदा फोटोचा अर्धा भाग निव्वळ काळा. ते फोटो पूर्वी मला फार नाटकी वाटायचे. मे महिन्यात तिथे उभं राहिल्यावर ते साधे वृत्तांत वाटले. माझी एकच तक्रार आहे, ती माणसांबद्दल. सावली ज्यांच्यासाठी केली ते त्याच्या फोटोंत फार थोडे, आणि असले तरी इमारतीचं माप कळावं एवढ्यापुरते.

वरच्या सभागृहाच्या भिंती वळणदार आहेत, आतून लाकडी पापुद्र्यानं मढवलेल्या, आणि उजेड वरून, आडून येतो. तिथे गिरणीमालक बसत. मी गेले तेव्हा खुर्च्या एका कडेला रचलेल्या होत्या. मागच्या गच्चीवरून नदी दिसते. कॉर्बुझिएंनी ही जागा पाहिली तेव्हा समोर वाळूचं विस्तीर्ण पात्र होतं, रंगवलेली कापडं धुऊन वाळत घालणारे लोक होते, सोबत गाईम्हशी, गाढवं, बगळे. गिरणीमालकांनी आपल्या कचेरीतून कापडाचंच काम चाललेलं बघावं, ही कल्पना त्यांना भारी आवडली होती. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यानं १९६६ मध्ये याच शहरात काढलेला एक फोटो जगप्रसिद्ध आहे. उन्हात लांबच लांब साड्या जमिनीवर पसरणाऱ्या बायका. आता त्या गच्चीवरून सिमेंटचा सरळसोट काठ दिसतो. साबरमती रिव्हरफ्रंटच्या कामात पात्र दोन्ही बाजूंनी भिंती घालून एकसारख्या रुंदीचं केलं, पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं, आणि काठानं लोक संध्याकाळी फिरतात. बाराही महिने पाणी दिसणारी नदी अहमदाबादकरांना आवडते आणि का आवडू नये? पण दुपारी तीन वाजता त्या काठावर मला एक माणूस दिसला नाही. झाडं अजून पुरती वाढलेली नाहीत, आणि फरशी तापलेली. पंधरा-वीस वर्षांनी मत बदलायची माझी तयारी आहे.

पालडीला एका आवारात दोन पिढ्यांचं काम शेजारी शेजारी आहे. खांबांवर उचललेलं, विटांचं, कॉर्बुझिएंचं संस्कार केंद्र; दोशींचा टागोर हॉल, काँक्रीटच्या घडीदार भिंतींचा; आणि पलीकडे एनआयडी, राष्ट्रीय डिझाइन संस्था. संस्कार केंद्र बंद होतं. त्याच्या छतावर पाण्याचे उथळ हौद आणि झाडं ठेवून आतला गारवा राखायचा बेत होता. खालच्या अंधाऱ्या खांबांमध्ये आता कुत्री झोपली होती आणि जागा त्यांनी चोखंदळपणे निवडली होती. एनआयडीची स्थापना १९६१ची. त्याआधी १९५८ मध्ये अमेरिकेतले चार्ल्स आणि रे ईम्स हे डिझाइनर दांपत्य सरकारच्या निमंत्रणावरून भारतभर फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. डिझाइन शिकवायची संस्था कशी असावी हे सांगताना त्यांनी भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून साधा लोटा निवडला. तांब्याच्या पोटात किती मावेल, तो कडेवर कसा बसेल, ओतताना धार कशी पडेल, रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील, असे प्रश्नांवर प्रश्न त्यांनी त्यात मांडलेत. संस्थेची इमारत गौतम आणि गीरा साराभाई या भावंडांनी आखली. कॉर्बुझिएंची उरलेली दोन कामं म्हणजे खासगी घरं, तिथे डोकावणं बरं नव्हे. मनोरमा साराभाई यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी एक काँक्रीटची घसरगुंडी आहे, हे फोटोंवरून ठाऊक आहे. ती बघायला मिळाली नाही याची मात्र मला मुलासारखी चुटपुट लागली.

साबरमती आश्रमात गर्दी हृदयकुंजापाशी, म्हणजे गांधीजींच्या घरापाशी, असते. शेजारचं गांधी स्मारक संग्रहालय लोक भराभर ओलांडून जातात. चार्ल्स कोरिया यांना हे काम मिळालं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती, आणि १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असे सारखे चौक, विटांचे खांब, वर उतरती कौलं. काही चौक भिंतींनी बंद, काही नुसते छपराखाली मोकळे, एक पाण्याचा. खिडक्यांना काच नाही. लाकडी झडपा आहेत, हव्या तशा फिरवता येणाऱ्या. उद्या इथे वाढ करायची झाली तर आणखी चौक जोडा, असा हा हिशेब. गोव्यातल्या वाचकांनी पणजीची कला अकादमी पाहिली असेल, मांडवीच्या काठाला तिकीट न काढता कुणीही जाऊन बसावं अशी तिची मोकळी छपरं. तीही कोरिया यांचीच, आणि त्यांचं मूळ इथे या चौकांत दिसतं. या इमारतीत कॅमेऱ्याला त्रास होत नाही. ऊन कौलाखाली येता येता मऊ होतं, अंधार कुठेच दाट होत नाही. तरी मला काढलेला एकही फोटो आवडला नाही. इथे पुढे करून दाखवावं असं एकही तोंड नाही. चालत राहिलं तरच जागा उलगडते. एक आजोबा पाण्याच्या चौकाच्या कडेला चप्पल काढून, पाय दगडावर टेकवून पेपर वाचत होते. बराच वेळ. मी तिथून दोनदा गेले, त्यांचं पान बदललेलं नव्हतं.

या सगळ्यांनी सावली काही नव्यानं शोधली नाही. जुन्या शहरातल्या पोळांमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, घरं इतकी जवळ की दुपारी समोरच्या घराची सावली आपल्या ओट्यावर पडते. २०१७ मध्ये युनेस्कोनं अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवलं, भारतातलं पहिलं, ते याच पोळांसाठी. आणि शहराच्या उत्तरेला अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, राणी रुडाबाईनं पूर्ण करवलेली, १४९९ची. पाच मजले जमिनीखाली. एकेक टप्पा उतरताना हवा बदलते आणि कोरीव खांब अधिकाधिक काळोखात जातात. तिथे लग्नाआधीचे फोटो काढणारी एक जोडी आली होती. त्यांच्या छायाचित्रकारानं खालच्या मजल्यावर दोन मोठे दिवे लावले, आणि पाचशे वर्षं जपलेली काळोखी एका मिनिटात फटफटीत झाली. नवरीला घाम फुटला.

जमिनीखाली जायची ही जुनी खोड दोशींना होतीच. विद्यापीठाच्या परिसरात, सेप्ट या वास्तुशिक्षणसंस्थेच्या लगत, त्यांनी आणि चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी मिळून एक गुहा केली. दोशी पुण्याचे, हुसेन पंढरपूरचे. आणि ती जागाही एका अर्थी आपल्या ओळखीची: सेप्ट ज्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीनं सुरू केली तिच्या संस्थापकांत दादासाहेब मावळंकर होते, लोकसभेचे पहिले सभापती. भद्राजवळ त्यांच्या घराण्याची हवेली आहे. मराठी माणसाला अहमदाबाद म्हटलं की पेशवे-गायकवाड आठवतात. त्यानंतरचं हे सगळं आपल्या ध्यानात येत नाही.

गुहा दुपारी चारला उघडते. बाहेरून दिसतात ती एकमेकांत गुंतलेली पांढरी घुमटं, चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली, आणि त्यांवरून गेलेला एक काळा नाग. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर गळती थांबवायला चायना मोझेक घालतात, तेच हे. पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परावर्तित होतं आणि छत तापत नाही, म्हणून अहमदाबादेत ते घरोघरी दिसतं. दोशींनी स्वतःच्या ‘संगत’ या कार्यालयाच्या कमानदार छपरांनाही तेच वापरलंय. गुहेचं कवच फेरोसिमेंटचं, म्हणजे जाळीवर थापलेल्या सिमेंटचं, जेमतेम इंचभर जाडीचं. आकार इतके वेडेवाकडे की आखणीला संगणकाची मदत घेतली, आणि बांधलं ते मात्र अकुशल मजुरांनी, साध्या अवजारांनी, हातानं थापत. १९९५ मध्ये ते पुरं झालं.

पायऱ्या उतरून आत गेलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. पाय अंदाजानं टाकावे लागतात, जमीन सपाट नाही. मग खांब दिसू लागतात, झाडांच्या बुंध्यांसारखे कललेले, सारखे एकही नाहीत. घुमटांना वर नळकांडी आहेत, त्यांतून उन्हाचे गोल कवडसे पडतात आणि तासाभरात भिंतीवरून सरकतात. कवडसा सरकला की हुसेन यांनी भिंतीवरच रंगवलेलं एखादं जनावर, एखादा माणूस उजेडात येतो आणि आधीचा अंधारात जातो. वातानुकूलन यंत्रही त्यांनी रंगवायचं सोडलेलं नाही. चित्र टांगायला इथे सरळ भिंतच नाही. हुसेन यांना दोशींनी असा कॅनव्हास दिला ज्यावर नेहमीचं चित्र काढताच येणार नाही, आणि मला वाटतं, ही त्या दोघांची गमतीदार कुरघोडी होती. हुसेन यांची कितीतरी चित्रं मला पाठ झाल्यासारखी वाटतात, घोडे तर हमखास. इथे तसं वाटलं नाही, कारण पूर्ण चित्र कधी दिसतच नाही.

वर लागूनच हर्विट्झ कलादालन आहे. १९९६ मध्ये तिथे घुसून जमावानं हुसेन यांच्या कामांची नासधूस केली. पुढे खटले, धमक्या वाढत गेल्या, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, आणि २०११ मध्ये लंडनला ते वारले. ही जागा आधी हुसेन-दोशी गुफा म्हणून ओळखली जायची, आता फलकावर ‘अमदावाद नी गुफा’ आहे. खाली चित्रं मात्र आहेत तिथेच आहेत. लाल दरवाजाजवळच्या लकी रेस्टॉरंटमध्ये टेबलांच्या मधून कबरी आहेत, लोक त्यांच्या शेजारी बसून मस्काबन खातात, आणि भिंतीवर हुसेन यांनी त्या हॉटेलाला दिलेलं चित्र लावलेलं आहे. या शहराविषयी घाईनं मत बनवणाऱ्याला मी आधी तिथला चहा पाजेन.

गुहेत माझ्या शेजारी सेप्टच्या मुलींचा एक घोळका बसला होता. फोटो काढता काढता त्यांतली एक वैतागून म्हणाली, “अरे, नाइट मोड बंद कर ना, दिवस दिसतोय!” तिनं बंद केला. पुढचा फोटो काळा आला, त्यात एकच कवडसा. सगळ्यांनी तोच मागून घेतला.

आयआयएमला मी शेवटी गेले, आधी परवानगी काढून. गोष्ट सर्वांना माहीत असते. १९६२ मध्ये संस्थेनं इमारती आखायला दोशींना बोलावलं, दोशींनी लुई कान यांचं नाव सुचवलं. कान फिलाडेल्फियाहून येत-जात राहिले. १९७४च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर त्यांना मृत्यू आला, आणि त्यांची ओळख पटून घरी कळायलाही वेळ लागला. काम अपुरंच होतं. ते पुढे नेलं अनंत राजे यांनी. राजे मुंबईचे, कान यांच्या फिलाडेल्फियाच्या कार्यालयात उमेदवारी केलेले. आयआयएमचं भोजनगृह, व्यवस्थापकांचं प्रशिक्षण केंद्र ही त्यांच्या हातची कामं. विटांवर विटा त्यांनी अशा चढवल्या आहेत की कुठे कान संपले आणि कुठे राजे सुरू झाले हे माझ्यासारखीला शोधूनही सापडेना. तरी कान यांच्या इमारतींचे फोटो छापणाऱ्या पुस्तकांत राजे यांचं नाव बहुतेक वेळा बारीक अक्षरांत असतं.

इथल्या कमानी बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. विटांची कमान जितकी चपटी, तितकी ती दोन्ही बाजूंना जास्त रेटा देते. तो सांभाळायला एरवी जाडजूड भिंती लागतात. कान यांनी कमानीच्या पायथ्याशी काँक्रीटची एक आडवी तुळई घातली, ती दोन्ही टोकं ओढून धरते. वीट दाब घेते, काँक्रीट ताण घेतं, आणि विटेच्या भिंतीला रुंदच्या रुंद भोकं पडतात. त्या भोकांच्या मागे खोल गॅलऱ्या, आणि त्यांच्याही मागे खोल्या. म्हणजे ऊन बाहेरच्या भिंतीवर आदळून दमतं, खोलीला त्याची झळ लागत नाही. वसतिगृहं तिरपी मांडली आहेत ती नैर्ऋत्येचा वारा घ्यायला. मोठी गोल छिद्रं फोटोंत फार देखणी येतात, आणि जगभर छापली गेली ती तीच. मला सर्वांत आवडले ते जिन्यांचे अंधारे कोपरे. दिवसाढवळ्या तिथे वाचता येणार नाही, पण गप्पा मारायला जागा झकास.

वसतिगृहांच्या भिंतींना तडे आहेत. विटांचे पापुद्रे सुटलेत, विटांत घातलेल्या सळया गंजून फुगल्या आहेत, २००१च्या भूकंपानं भर घातली. ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयानं केली, तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण २०२०च्या डिसेंबरमध्ये संस्थेनं अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचं जाहीर केलं. जगभरातून पत्रं आली, आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी निर्णय मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पुन्हा नव्यानं बांधण्याची भाषा सुरू झाली. मी पत्रांवर सह्या करणाऱ्यांच्या बाजूची आहे. पण तिथे पीएच.डी. करणारा सांगलीचा एक मुलगा भेटला. मराठी ऐकल्यावर तो ‘मॅडम’वरून ‘काकू’वर आला. मी भिंतीवर हात फिरवत काहीबाही कौतुक करत होते. तो म्हणाला, “काकू, तुम्ही दोन तास बघून जाता. आम्ही इथे पावसाळा काढतो.” मग त्यानं छताचे पोपडे दाखवले, आणि तुटलेली वीट पडू नये म्हणून लावलेली जाळीही. “उन्हाळ्यात मात्र खोली सोडवत नाही,” हेही त्यानंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्याच्या मते एकेक वसतिगृह रिकामं करून सावकाश दुरुस्त करावं, पंधरा नंबरचं केलं तसं. खर्च? तो हसला. खर्चाचंच शिक्षण घेतोय म्हणाला.

निघताना त्यानं स्वतःचा एक फोटो काढून मागितला, आईला पाठवायला. ऊन कलतं होतं. तो गॅलरीच्या आतल्या भिंतीला टेकून उभा राहिला, मी कमानीच्या बाहेरच्या उन्हावर मोजून फोटो घेतला. विटा तांबूस पेटलेल्या, कमान नेमकी, तुळईची सावली तिच्या पोटात, आणि आत काळोख. त्या काळोखात एक खांदा आणि चष्म्याची एक चमक. सहलीतला माझा सर्वांत खरा फोटो, असं मला अजूनही वाटतं. रात्री गाडीतून त्याला पाठवला. बडोदा येण्याआधी उत्तर आलं: “काकू, मी दिसतच नाही यात.” सकाळी वसईच्या आसपास जाग आली तेव्हा पाहिलं, त्यानं तोच फोटो उजेड वाढवून स्टेटसला ठेवला होता. गॅलरीतली जाळी स्वच्छ दिसत होती, पोपडेसुद्धा.